हिंदी परत आली, मराठी येईना

झटका येऊन एखाद्याची वाचा गेली की घरात येणारा प्रत्येक माणूस त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागतो. त्याचे कान शाबूत आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याशी लोक कित्येक महिने असे ओरडून बोलले. मी चिडत होतो, आणि चिडलोय हे सांगायलाही माझ्याकडे शब्द नव्हता.

ज्यांच्या घरात असा माणूस आहे, किंवा जे स्वतःच असे अडकून पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हळू लिहितोय. एखादा साधा शब्द शोधण्यात अजूनही माझी सकाळ जाते. माझी मुलगी श्रुती हे तपासून देते असं म्हटलं असतं, पण तिलाही मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ येत नाही. तेव्हा चुका दोघांच्या समजाव्यात.

सदर बाजारात

माझं नाव नंदकिशोर, वय बावन्न. रायपूरच्या एका खासगी हिंदी शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवायचो. आमचं मूळ अमरावतीकडचं. वडील नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. चौबे कॉलनीतल्या घरात आम्ही चौघं राहतो: माझी म्हातारी आई, नोकरी करणारी बायको वंदना, कॉलेजात जाणारी श्रुती आणि मी. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, अशी आमची वाटणी. श्रुती मात्र घरातही हिंदीच बोलायची. मराठी तिला सगळी कळते, उत्तर हिंदीत येतं. त्यावरून मी तिला सारखा टोकायचो.

त्या दिवशी वंदनाची पोत गाठवायला सदर बाजारात गेलो होतो. नेहमीच्या सोनाराकडे बसून मी त्याला सांगत होतो की काळे मणी बारीक नकोत, आधी होते तसेच घाला. म्हणजे मी सांगतोय असं मला वाटत होतं. त्याचा चेहरा बदलत गेला. मी पुन्हा सांगितलं, जरा स्पष्ट. माझ्या तोंडातून जे बाहेर पडत होतं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं, आणि ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. उजव्या हातातला पाण्याचा ग्लास मांडीवर कलंडला. ओलं लागलं, पण हात उचलवेना.

सोनाराला आधी वाटलं की ऊन लागलं असेल. मग त्याला माझं वाकडं झालेलं तोंड दिसलं. त्या वेळी त्या रस्त्यात दुचाकींची अशी रेटारेटी असते की चारचाकी आत यायला अर्धा तास लागावा. तो कोणाची वाट पाहत बसला नाही. त्याने मला स्कूटरवर मधे बसवलं, मागे त्याचा भाऊ मला दोन्ही हातांनी धरून बसला, आणि हॉर्नवरचा अंगठा न काढता त्याने मला दवाखान्यात पोचवलं. दुकान उघडंच टाकून. लवकर आणलं म्हणून पुष्कळ वाचलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. या माणसाशी माझा संबंध मणी आणि मजुरीपुरता. त्याचे आभार मानायला मला फार उशीर झाला, कारण आभाराचा शब्दच सापडत नव्हता.

एकच शब्द

मेंदूचा फोटो काढला. डाव्या बाजूला रक्ताची गाठ होती. उजवा हात आणि पाय दोन्ही कमजोर झाले होते. पाय लवकर वळणावर आला, हाताला वेळ लागला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर वंदनाला समजावत होते की याला वाचाघात म्हणतात, यांना कळतं सगळं, शब्द बाहेर येण्याचा रस्ता तेवढा अडलाय. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून हे बोलणं चाललं होतं. यांना कळतं सगळं, असं म्हणत होते आणि बघत होते वंदनाकडे.

काही दिवसांनी एक शब्द आला. ‘चलो.’ पाणी हवं असलं तरी चलो, लघवी लागली तरी चलो, सुई दुखली तरी चलो. हा शब्द चुकीचा आहे हे मला तोंड उघडण्याआधीच माहीत असायचं. दुसरा धरायला जावं तर पुन्हा हाच. मग मी डावी मूठ उशीवर आपटून ओरडायचो, चलो, चलो. शेजारच्या पलंगाजवळची माणसं तोंड फिरवून हसायची. त्यांना तरी काय बोलू, मीही हसलोच असतो.

आई भेटायला आली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून विचारलं, “कसं वाटते रे नंदू?”

मी म्हणालो, “चलो.”

ती वंदनाकडे वळली. “कुठं चाल म्हणते हा? आत्ताच त आली मी.”

वंदना हसत हसत बाहेर गेली ती बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते.

दवाखान्यातला दिवस ठरलेला असतो. पहाटे रक्त काढणार, मग अंग पुसणार, मग दलिया, मग डॉक्टरांची फेरी. फेरी संपली की दिवसाला काही अर्थ उरत नाही. संध्याकाळी माणसं यायची. चांगली माणसं, लांबून यायची, फळं आणायची. आणि प्रत्येक जण मला एक विचार देऊन जायचा. देवाने यामागे काही तरी योजलं असेल. हा आजार तुम्हाला खूप शिकवून जाईल. मनाने खंबीर राहा. शाळेतले एक सहकारी म्हणाले, सर, आयुष्यभर बोललात, आता गळ्याला आराम. आमच्या दहावीच्या वर्गाचा अर्धा अभ्यासक्रम राहिला होता, आणि मला ‘दहावी’ म्हणता येत नव्हतं. खंबीर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांच्यापैकी कोणी सांगितलं नाही. पडून राहण्याखेरीज माझ्याकडे काहीच काम नव्हतं.

हिंदी आली

घरी आल्यावर बोलण्याचे व्यायाम सुरू झाले. शिकवणारी मुलगी हुशार होती आणि तिला घाई नव्हती. ती चित्रं दाखवायची आणि मी नाव सांगायचं. कुर्सी. चम्मच. ताला. आधी एकही यायचं नाही. मग तिने पहिलं अक्षर दिलं की यायचं. मग अक्षर न देताही यायला लागलं. उन्हाळा सरेपर्यंत मी ‘पानी दो’, ‘पंखा बंद करो’ अशी छोटी वाक्यं बोलायला लागलो. घरात पेढे वाटले.

मराठी मात्र येईना. वंदना विचारायची, चहा ठेवू का, आणि मला पूर्ण कळायचं. उत्तर तोंडातून यायचं ते ‘हाँ, रखो.’ ‘ठेव’ म्हणायला जावं तर समोर भिंत. मी त्या मुलीला कसंबसं विचारलं. ती म्हणाली, दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये कधी कधी असं होतं, एक आधी परत येते, दुसरी मागे राहते, आणि कोणती राहील ते आधी सांगता येत नाही. तिला मराठी येत नव्हती. मराठीचा सराव घरीच करावा लागेल, असं तिने सरळ सांगून टाकलं.

बाकी सगळे निवांत होते. रायपुरात राहायचं, हिंदीत भागतं. नागपूरची माझी ताई फोनवर म्हणाली, हिंदीतच बोल ना, काय बिघडते? काय बिघडते ते मी तिला सांगू शकलो नाही. आज सांगतो. वंदनाशी मी सगळं आयुष्य मराठीत भांडलो आणि मराठीतच तिची समजूत काढली. तिच्याशी हिंदीत बोलताना मला पोस्टाच्या खिडकीवर उभं असल्यासारखं वाटायचं. आईशी तर मी जन्मात हिंदीत बोललो नव्हतो. आणि श्रुती माझ्याशी आता आरामात हिंदीत बोलत होती, तिला टोकणारं कोणी उरलं नव्हतं. तिच्या मनात काही नव्हतं, पण तिचं ते ‘बाबा, आप बैठो’ ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पोहे

वंदना माझं बोलणं पुरं करायची. मी ‘वो... वो...’ करत अडकलो की ती ओळखायची. चष्मा? औषध? खिडकी लावू? बहुतेक वेळा बरोबर असायचं. हळूहळू मी प्रयत्नच सोडला. वो म्हणायचो आणि तिच्याकडे बघायचो. ती ऑफिसातून यायची, आईचं पाहायची, स्वयंपाक करायची आणि वर माझ्या डोक्यातले शब्द शोधत बसायची.

एका रविवारी तिने पोहे केले. मला वर लिंबू हवं होतं. मी म्हणालो, वो. तिने मीठ दिलं. मी मान हलवली. तिने शेव आणली, कांदा आणला, दही आणलं. मी बशी ढकलली. पोहे फरशीभर झाले.

वंदनाने ते उचलले नाहीत. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. आवाज चढवला नाही तिने.

“मी थकली आता,” ती म्हणाली. “दिवसभर ऑफिस, मग आई, मग तुमच्या मनातलं ओळखत बसणं. तुमचं वाक्य तुम्हीच संपवा. वेळ लागला तर लागू द्या. पण आजपासून मी काही ओळखून नाही राहणार.”

मला ती दुष्ट वाटली. खरं सांगतो, पुढचे कितीतरी दिवस वाटत राहिली. पाय घसरलेल्या माणसाचा हात सोडून देण्यासारखं वाटलं ते. मी जेवणावर राग काढला, दारं आपटली. ती बधली नाही. मी ‘वो’ म्हटलं की ती फक्त माझ्याकडे बघायची. मीठ मागता आलं नाही म्हणून मी दोनदा अळणी वरण खाल्लं. तिसऱ्यांदा, घास तोंडात असताना, ‘नमक’ आलं. हिंदीत का होईना, पण माझं मी मागितलं होतं. तिने मीठ पुढे केलं आणि काही झालंच नाही अशी जेवत राहिली. त्याचाही मला राग आला. कौतुक तरी करायचं.

पण त्या दिवसापासून एक समजलं की हे काम दुसऱ्या कोणाकडे टाकता येणार नाही. डॉक्टर गोळ्या देतील, वंदना ताट वाढील, माझ्या तोंडातला शब्द मात्र मलाच काढावा लागेल. ही जबाबदारी मला नको होती. ज्याला झटका आलाय त्यानेच वर मेहनतही करायची, हा कुठला न्याय, असं वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं.

मी श्रुतीला सांगितलं की सकाळी कॉलेजला जाण्याआधी माझा मराठीचा सराव घ्यायचा. तिने तोंड वाकडं केलं. तिची मराठी म्हणजे आनंद होता. ती खुर्चीवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, हा काय आहे? तो खुर्ची.”

“ती,” मी म्हणालो.

झटक्यानंतरचा माझा तो पहिला मराठी शब्द होता. मुलीची चूक कानाला इतकी टोचली की तो आपोआप बाहेर आला.

“बाबा,” श्रुती म्हणाली, “आप मुझे डाँटने के लिए ही ठीक होंगे.”

त्यानंतर ती मुद्दाम चुकायला लागली असेल असं मला वाटायचं. ते चमचा, ती पंखा, ते भिंत. बऱ्याच चुका मात्र खऱ्या होत्या.

आई पडली

असं दिवसाला एखादा शब्द मिळवत असताना आई पडली. दुपार होती. वंदना ऑफिसात, श्रुतीची परीक्षा. घरात आई आणि मी. मोरीतून धप्प आवाज आला. जाऊन पाहिलं तर आई कुशीवर पडलेली आणि एक पाय भलताच वळलेला.

“उचल मले, नंदू,” ती म्हणाली.

मी उचललं नाही. हाड मोडलं असेल तर हलवू नये, हे विज्ञानाच्या मास्तराला माहीत होतं. ते तिला समजावून सांगणं मात्र मला येत नव्हतं. तिला वाटलं असेल, पोटचा पोरगा नुसता उभा राहून बघतोय.

अँब्युलन्ससाठी एका नंबरावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय झालं. ‘गिर गई’ आलं. त्याने पत्ता विचारला. चौबे कॉलनी हे दोन शब्द मी लाखदा उच्चारले असतील. त्या क्षणी ‘च’ सुद्धा निघेना. मी नुसता च्च, च्च करत राहिलो. तो म्हणाला, भैया, पी रखी है क्या, आणि फोन बंद झाला. वंदनाला लावला, तिने उचलला नाही. मी फोन फरशीवर फेकणार होतो. आई आतून हाका मारत होती.

मग मी चप्पल न घालता शेजारच्या साहू दीदींच्या फाटकावर गेलो. त्या कपडे वाळत घालत होत्या. मी फाटकाला धरून उभा राहिलो, श्वास घेतला आणि एकेक शब्द काढला. “आई. गिर गई. हड्डी. गाड़ी.” त्यांनी हातातली चादर बादलीत टाकली. “हव भैया, आवत हौं,” आलेच असं छत्तीसगढीत म्हणाल्या आणि त्यांनी आत मुलाला हाक मारली. पुढचं सगळं त्यांच्या मुलाने पाहिलं, फोन केला, पत्ता सांगितला. मी मोरीत आईशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिलो. ती विचारत होती, कोणी येऊन राहिलं का. मी तिचा हात धरून नुसती मान हलवत होतो.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मी गेलो. क्लार्कने नाव विचारलं, मी अडकलो, तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “साथ में कोई और है?”

“मैं,” मी म्हणालो. “मैं... साथ... हूँ.”

रांगेतली माणसं कुरकुरत होती. मी खिडकीवरून हटलो नाही. आईचं नाव, वय, माझं नातं, सगळं मी सांगितलं, घाम पुसत सांगितलं. क्लार्कही मग पेन टेकवून थांबला. झटक्यानंतर एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकट्याने केलं ते हे.

तू कोण होय?

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण शुद्धीवर आल्यावर ती भ्रमात गेली. म्हाताऱ्या माणसांना असं होतं आणि काही दिवसांत उतरतं, असं डॉक्टर म्हणाले. तोवर तिच्यावर सतत नजर ठेवणं भाग होतं, कारण ती सलाइनची सुई उपटत होती. गंमत म्हणा की कर्म म्हणा, तिची हिंदी पार गेली होती. इतकी वर्षं रायपूरच्या बाजारात घासाघीस केलेली बाई नर्सचं एक वाक्य समजून घेईना. ती फक्त तिच्या माहेरची वऱ्हाडी बोलत होती. आणि माझ्याकडे हिंदी आणि मोजके मराठी शब्द होते.

वंदनाची रजा माझ्या आजारपणात संपली होती. श्रुतीचे पेपर बाकी होते. दिवसा आईजवळ मीच बसणार होतो. वंदनाने विचारलं, जमेल का तुम्हाले? मी म्हणालो, करूँगा.

पहिल्या सकाळी आईने मला पाहिलं आणि विचारलं, “तू कोण होय?”

मला माझं नाव घेता येईना. ‘न’पर्यंत जायचो आणि थांबायचो. मग हिंदीत म्हणालो, मैं ही हूँ. तिने मान फिरवली. “माझ्या नंदूले बोलवा,” भिंतीकडे बघत म्हणाली. “हे कोण लोकं होय सारे?”

दोन हातांच्या अंतरावर बसून आईने आपल्याला हाक मारावी आणि ओ देता येऊ नये, हे मी कोणाच्या वाट्याला इच्छिणार नाही. मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं टेकवून उभा राहिलो. परत आलो तर तिने सुई ओढायला घेतली होती. नर्स म्हणाली, हात बांधावे लागतील. मी नको म्हणून हात जोडले आणि आईचं मनगट धरून बसलो. ती जोर लावत होती, मीही जोर लावत होतो, माझ्या कमजोर उजव्या हातानेही.

“नको,” माझ्या तोंडातून आलं. “नको... काढू.”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा ओढायला लागली. मी पुन्हा म्हणालो. त्या दिवशी ‘नको काढू’ मी इतक्या वेळा म्हणालो की शेवटी शेवटी ते अडखळत नव्हतं. दिवे लागले तेव्हा ती एकदा “बरं” म्हणाली.

मग मी एक सवय लावून घेतली. आत जाण्याआधी बाहेर बाकावर बसून त्या दिवशी लागतील ते शब्द घोटायचे. पाणी. दुखते का. कूस बदल. एक घास. शिकवणाऱ्या मुलीच्या चित्रांतले शब्द मला आठवडाभर टिकायचे नाहीत, कारण कुलपाचं चित्र ओळखून मला काही उघडायचं नव्हतं. इथे शब्द आला नाही तर आई तहानलेली राहणार होती. काही वेळा राहिलीही. ‘पाणी’ अडकायचं, मी ग्लास दाखवायचो, तिला वाटायचं औषध आहे, ती तोंड बंद करायची. मी ओठ चावत पुन्हा बाहेर यायचो, बाकावर बसून तोच एक शब्द दळायचो, पुन्हा आत. मी कंटाळलो होतो, पाठ दुखत होती. रोज संध्याकाळी घरी जाताना ठरवायचो की उद्या नाही जमणार. सकाळी जायचो. दुसरं होतं कोण?

एका दुपारी ती डोळा लागू देईना. उठव, बसव, घरी ने, पाय लांब कर, पुन्हा उठव. माझी सहनशक्ती संपली.

“आई, आता गप झोप,” मी खेकसलो.

पूर्ण वाक्य, सगळे शब्द जागच्या जागी. मीच दचकलो. आईने डोळे बारीक करून मला निरखलं.

“नंदूच होय हा,” ती म्हणाली आणि खरंच झोपली.

मी तिच्या पलंगाच्या लोखंडी कठड्यावर कपाळ टेकवून रडलो. नर्सने पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. तिची ती माया मी विसरणार नाही.

जे शिकवलं म्हणतात ते

लोक आता विचारतात, या आजाराने तुम्हाला काय शिकवलं? मी म्हणतो, काही नाही. आजाराने माझी नोकरीतली जागा नेली, बायकोची रजा नेली, मुलीचं एका वर्षाचं हसणं-खेळणं नेलं. त्याला गुरू वगैरे म्हणायला मी तयार नाही. मला उठवलं ते कामाने. कोणाची तरी सुई, कोणाचं तरी पाणी माझ्यावर अवलंबून होतं, आणि मला ते धड जमत नसतानाही करायचं होतं. आधी मी बरा होईन, मग आईचं करीन, असं म्हणालो असतो तर आजही गॅलरीत बसून वंदनाच्या तोंडाकडे बघत असतो.

म्हणून घरच्यांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या माणसाशी ओरडून बोलू नका. डॉक्टरांना म्हणावं, त्याच्याकडे बघून बोला. आणि त्याला एखादं काम द्या, खोटं खोटं नको, खरं काम द्या, जे त्याने केलं नाही तर अडेल असं. तो चिडेल. चिडू द्या. वंदनावर मी किती चिडलो, आणि तिचंच बरोबर होतं, हे मी तिला पुढे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “एवढं सांगायले वर्ष लावलं तुम्ही.”

आता

शाळेने मला वर्ग दिला नाही. पंचेचाळीस मिनिटं सलग बोलणं मला झेपणार नाही, हे मलाही कळतं, तरी तो कागद हातात पडला तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. आता प्रयोगशाळा पाहतो. मुलांना हाताने दाखवता येतं, थोडं सांगता येतं. काही मुलं माझी नक्कल करतात. करोत.

आई वॉकर घेऊन घरभर फिरते. भ्रम गेला, हिंदीही परत आली, भाजीवाल्याशी भांडण सुरू झालं. माझी मराठी आली आहे, पण लंगडत येते. दमलो की जाते. फोनवर अजून हिंदीच सोपी वाटते.

परवा शाळेतून आल्यावर मी आईजवळ बसून प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगत होतो. एका मुलाने आम्ल ओतताना गोंधळ घातला होता. पूर्वी मी हे उभ्या उभ्या सांगून मोकळा झालो असतो. आता अर्ध्यावर येईपर्यंतच माझा जीव मेटाकुटीला आला. शब्द निसटत होते, माझा मलाच संताप आला. मी म्हणालो, “जाऊ दे,” आणि उठलो.

“काहून जाऊ दे?” आई म्हणाली. “बस खाली.”

मी बसलो.

“पहिले तू धाडधाड बोलून निघून जायचा,” ती म्हणाली. “मले कमी ऐकू येते त्याले किती साल झाले, तुले माहीत तरी हाय का? तू बोलायचा अन् मी हो हो म्हणायची. आता समजते मले. सांग, मंग काय झालं त्या पोट्ट्याचं?”

तिला कमी ऐकू येतं हे मला खरंच माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. परीक्षानळी हा शब्द आला नाही. मी बोटांनी नळीचा आकार करून दाखवला.

“हात नको दाखवू,” आई म्हणाली. “बोल.”

वंदना ऑफिसातून आली, तिने चहा केला, आमचे दोन कप आणून ठेवले आणि तीही बसली. गोष्ट अजून संपली नव्हती.